औषधांचा मृतसाठा

उन्हाळा लागला की सोलापूर जिल्ह्यातील माणसांचे डोळे एका आकड्याकडे लागतात. उजनी धरणात पाणी किती उरले, हा तो आकडा. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. पण त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी पाणी मृतसाठ्यात मोडते. उपयुक्त साठा संपला की धरण ‘उणे’ झाले असे म्हणतात. तरीही उपसा थांबत नाही. पिण्याचे पाणी, उभा ऊस, कारखाने यांची गरज मृतसाठ्यातून भागवली जाते. अशा वेळी मनाला आधार एवढाच असतो की, जून-जुलैमध्ये घाटमाथ्यावर पाऊस पडेल आणि धरण पुन्हा भरेल.

आधुनिक वैद्यकापाशीही असाच एक साठा आहे. तो आहे प्रतिजैविक औषधांच्या गुणकारीपणाचा. पेनिसिलिनपासून सुरू झालेली ही औषधे विसाव्या शतकाच्या मध्यावर एकामागून एक हाती आली, आणि माणसाने ती सढळ हाताने वापरली. आता जंतू औषधाला दाद देईनासे झाले आहेत. साठा उतरतो आहे, आणि या धरणाला पावसाळा नाही. १९८० नंतर सर्वस्वी नव्या कुळातील औषधे फारच थोडी सापडली. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या औषधप्रतिरोधामुळे झाले.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांचा आहे, करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतील धरणाकाठच्या गावांचा त्याच्याशी संबंध नाही, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. साठा कोणी उपसला आणि टंचाई कोणाच्या वाट्याला येणार, याचा हिशेब मांडू लागले की ही गावे त्या हिशेबाच्या अगदी मध्यभागी येतात. हृदयाच्या झडपेच्या आजाराचे उदाहरण घेतले की ते स्पष्ट होते.

घशापासून हृदयापर्यंत

श्रीमंत देशांत हृदयाच्या झडपा बिघडतात त्या मुख्यत: म्हातारपणी. भारतात मात्र त्या ऐन उमेदीत बिघडतात, आणि त्याचे मूळ बहुधा लहानपणीच्या घसादुखीत असते. ‘स्ट्रेप्टोकॉकस’ जातीच्या जंतूमुळे घसा येतो, तो दोन-चार दिवसांत बराही होतो. परंतु काही मुलांच्या बाबतीत, या जंतूशी लढण्यासाठी शरीराने उभे केलेले सैन्य स्वत:च्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. यालाच संधिज्वर किंवा ‘र्‍हुमॅटिक’ ताप म्हणतात. सांध्यांची सूज उतरते. झडपांना झालेली इजा उरते. पुन:पुन्हा घसा येत राहिला तर इजा वाढत जाते, झडप जाड होते, आखडते, आणि वीस-तीस वर्षांच्या वयात माणसाला दोन पावले चालताच धाप लागू लागते. स्त्रियांच्या बाबतीत हा आजार कित्येकदा बाळंतपणात प्रथम उघडकीस येतो, कारण गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते आणि अरुंद झालेल्या झडपेला तो भार पेलवत नाही.

हा दाटीवाटीचा, दारिद्र्याचा आजार आहे. एका खोलीत सहा माणसे झोपतात तेथे घशाचा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. गळीत हंगामात उजनीकाठच्या उसाच्या पट्ट्यात मराठवाड्यातून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांत लेकरेबाळे पाच-सहा महिने काढतात. कोणाला घसा आला, कोणाचा गुडघा सुजला, याची नोंद ठेवणारे तेथे कोणी नसते. २०१५ साली या हृदयरोगाने जगभर सुमारे ३ लाख १९ हजार माणसे दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतील एक-तृतीयांशाहून अधिक भारतातील होती. जगाच्या आरोग्य परिषदेला २०१८ साली या आजारावर स्वतंत्र ठराव करावा लागला, यावरून त्याकडे किती काळ दुर्लक्ष झाले होते याची कल्पना यावी.

विशेष म्हणजे, ज्या जंतूपासून ही सारी साखळी सुरू होते, तो जंतू ऐंशी वर्षांनंतर आजही पेनिसिलिनला दाद देतो. इतर असंख्य जंतूंनी पेनिसिलिनवर मात केली. या एकाला ते साधलेले नाही. वेळीच पेनिसिलिन दिले तर संधिज्वर टाळता येतो, हे अमेरिकेतील लष्करी छावणीतल्या जवानांवरील प्रयोगांनी १९५० च्या सुमारासच सिद्ध केले होते. एकदा संधिज्वर होऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे देत राहिले, तर झडपेची पुढची हानी रोखता येते. युगांडा देशातील आठशेवर मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. झडपेच्या बिघाडाची केवळ सुरुवात असलेल्या या मुलांपैकी ज्यांना पेनिसिलिन मिळाले, त्यांच्यात दोन वर्षांत शंभरी एकाहूनही कमी मुलांचा आजार वाढला. ज्यांना मिळाले नाही, त्यांच्यात हे प्रमाण शंभरी आठ होते.

म्हणजे औषध आहे, ते गुणकारी आहे, आणि ते स्वस्तही आहे. मग ते पोहोचत का नाही? त्याचे उत्तर बाजाराच्या स्वभावात आहे. ज्या औषधात नफा नाही त्याच्यासाठी कोणी गावोगाव हिंडत नाही. इंजेक्शन दुखते; क्वचित त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून खाजगी डॉक्टर ते देण्यास कचरतात. शिवाय ‘दर एकवीस दिवसांनी’ हे वेळापत्रक पाळायचे तर माणसाने एका ठिकाणी राहायला हवे. ज्याचे वर्ष अर्धे गावी आणि अर्धे उसाच्या फडात जाते, त्याला ते कसे साधावे?

दुरुस्ती आणि तिचा पहारेकरी

झडप निकामी झाल्यावर तरी उपाय आहेत. आखडलेली झडप फुगवण्याची, मांडीच्या रक्तवाहिनीतून फुगा नेण्याची पद्धत जपानी शल्यविशारद कांजी इनोउए यांनी १९८२ साली प्रथम वापरली, आणि छाती न उघडता हजारो तरुण भारतीय रुग्णांना श्वास परत मिळाला. जेथे झडपच बदलावी लागते तेथे कृत्रिम झडप बसवतात. परदेशी झडपांच्या किमती गरिबांना न परवडणाऱ्या होत्या. तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बनावटीची झडप घडवली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम एका रुग्णाला बसवण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू केली त्यांत सोलापूर होते. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या या योजनेमुळे, एरवी जमीन विकून करावी लागणारी हृदयशस्त्रक्रिया गरीब कुटुंबाच्या आवाक्यात आली. ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु ही सारी दुरुस्ती एका गृहीतावर उभी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर जंतूंना दूर ठेवणारी औषधे काम करतील, हे ते गृहीत. रक्तात जंतू शिरणे ही तशी रोजची घटना आहे. किडका दात चावला तरी थोडे जंतू रक्तात जातात. निरोगी हृदयात ते टिकत नाहीत. खडबडीत झालेल्या किंवा कृत्रिम झडपेवर मात्र रक्ताच्या सूक्ष्म गाठी जमतात, जंतू त्यांना चिकटतात आणि तेथे घर करतात. त्या गाठींत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराचे स्वत:चे संरक्षण तेथपर्यंत पोहोचत नाही. पेनिसिलिन येण्यापूर्वी हृदयाच्या आतील अस्तराचा हा दाह म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यू होता. आजही त्यावर सामान्यत: चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते.

या उपचारात पहिला प्रश्न असतो तो जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हा. त्यासाठी औषध सुरू करण्यापूर्वी रक्त घेऊन त्यातील जंतू वाढवून पाहावे लागतात. भारतातील रुग्णालयांना येणारा अनुभव असा की, मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णाने गावात, तालुक्यात दोन-तीन ठिकाणी तापावर कसली ना कसली प्रतिजैविके घेतलेली असतात. ती आजार बरा करण्यास अपुरी, पण तपासणीत जंतू दिसू न देण्यास पुरेशी ठरतात. मग डॉक्टरला अंदाजाने, अनेक जंतूंवर चालणारी जबर औषधे द्यावी लागतात. एका ठिकाणचा अविचार दुसऱ्या ठिकाणच्या उपशाला कारण होतो तो असा.

डेन्मार्कमधील रुग्णालयांत या आजाराच्या ४०० रुग्णांवर झालेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रकृती स्थिर झाल्यावर शिरेतील औषध बंद करून तोंडाने गोळ्या दिल्या तरी निष्पत्ती उणी ठरत नाही, असे त्यातून दिसले. हातावर पोट असलेल्या माणसाला आठवडाभर आधी घरी जाता येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पण ही सवलत कोणाला? ज्याच्या झडपेवरचा जंतू गोळ्यांना दाद देतो, त्यालाच. औषधप्रतिरोधाची पहिली किंमत अशी मजुरीच्या बुडालेल्या दिवसांत मोजली जाते. शेवटची किंमत अर्थातच प्राणांची.

साठा कोठवर उतरला?

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी मार्च २०१० मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. अखेरच्या फळीतील समजल्या जाणाऱ्या ‘कार्बापेनेम’ गटाच्या औषधांना न जुमानणारे २४ जंतू त्यांनी तपासले. त्यांपैकी २२ जंतूंत ही औषधे निष्प्रभ करणारा एक नवा गुणधर्म आढळला. त्याच वर्षी पुढे या गुणधर्माच्या नावात ‘नवी दिल्ली’ का घातली यावरून देशात वादळ उठले. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या त्या चर्चेत मूळ इशारा बाजूला पडला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१३ पासून देशातील मोठ्या रुग्णालयांचे जाळे विणून जंतूंची पाहणी चालविली आहे. त्यात पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामची महात्मा गांधी संस्था आणि हिंदुजा रुग्णालयही आहे. त्या पाहणीनुसार ‘क्लेब्सिएल्ला’ या रुग्णालयात नेहमी आढळणाऱ्या जंतूचे, इमिपेनेम या औषधाला दाद देणारे नमुने २०१६ मध्ये शंभरात ६५ होते. २०२१ मध्ये ते ४३ उरले.

मग डॉक्टर काय करतात? ते मृतसाठ्याला हात घालतात. १९५० च्या दशकातील ‘कोलिस्टिन’ हे औषध मूत्रपिंडांना अपायकारक म्हणून जवळजवळ बाजूला ठेवले गेले होते. दुसरे काहीच चालेनासे झाले तेव्हा ते पुन्हा बाहेर काढावे लागले. हेच औषध कोंबड्यांचे वजन लवकर वाढावे म्हणून त्यांच्या खाद्यातही घातले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये प्राण्यांच्या खाद्यातील त्याच्या वापरावर बंदी घातली. उशिरा का होईना, निर्णय योग्य होता.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे आकडे मोठ्या रुग्णालयांचे आहेत. कंदरचा केळीबागेतील मजूर किंवा भिगवणचा मासेमार या कोष्टकात येतो तो अखेरच्या अवस्थेत, शहरात पोहोचल्यावर. गावात कोणते जंतू हिंडत आहेत आणि कोणती साधी औषधे तेथे अजून चालतात, हे या कोष्टकातून कळत नाही. आणि धोरण तर गावासाठीही आखायचे असते.

वरच्यांचा उपसा, खालच्यांची टंचाई

अर्थशास्त्रात सामाईक मालमत्तेचा प्रश्न जुना आहे. गायरानात प्रत्येकाने आपले एक जनावर जास्त सोडले तर ज्याचा त्याचा फायदा होतो आणि गायरान मात्र उजाड होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली हे प्रसिद्ध दृष्टांताने मांडले. प्रतिजैविकांचा गुणकारीपणा हे असेच गायरान आहे. सर्दीवर गोळी देणाऱ्या डॉक्टरला रुग्ण राखल्याचे समाधान मिळते, दुकानदाराला विक्री मिळते, रुग्णाला काहीतरी केल्याचा धीर मिळतो. तोटा कोणालाच दिसत नाही, कारण तो भलत्याच माणसाच्या खात्यावर, कित्येक वर्षांनी पडतो. अपुरी मात्रा घेतली तर जंतू औषधाला सरावतील, हे पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच सांगितले होते. ज्ञान नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही.

सिंचनात ‘टेल’चा शेतकरी नेहमी ओरडत असतो, कारण पाटाच्या मुखाशी असलेला आधी भरपूर घेतो. औषधांच्या या पाटावर उजनीकाठची गावे ‘टेल’ला आहेत. आणि नदीच्या बाबतीत तर ती अक्षरश: खालच्या अंगाला आहेत. पिंपरी-चिंचवडमधून येणारी पवना मुळेला मिळते, मुळा-मुठेचा संगम पुण्यात होतो, ते पाणी भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येऊन थांबते. पुण्यातील मुठेच्या गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या बाजूपेक्षा शहरातील गाळात औषधप्रतिरोधाचे गुणधर्म कित्येक पटींनी अधिक आढळले, आणि त्यांत अखेरच्या फळीतील औषधांना निकामी करणारे गुणधर्मही होते. त्याचे कारण प्रक्रिया न झालेले शहरी सांडपाणी. याच भीमेच्या पाण्यावर धरणाकाठची गावे जगतात आणि सोलापूर शहर तहान भागवते.

इतिहासाचा एक योगायोग असा की, याच पवनेकाठच्या पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि ‘युनिसेफ’ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. गरिबाला पेनिसिलिन स्वस्तात मिळावे, हा त्यामागचा हेतू. पुढे परदेशी स्वस्त मालापुढे देशातील पेनिसिलिनचे मूळ उत्पादन मागे पडले. ज्या नदीखोऱ्यात भारताच्या पेनिसिलिनचा पाया घातला गेला, त्याच खोऱ्याच्या तळाशी असलेल्या गावांत एखाद्या मुलीला ते वेळेवर न मिळाल्यामुळे झडप बदलावी लागावी, याहून विसंगत काय असणार?

राखीव काय, खुले काय?

उपाय सुचवताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘डॉक्टरच्या चिठ्ठीविना एकही गोळी नको’ हा नियम शहरात सोपा वाटतो. धरणाच्या फुगवट्याने रस्ते तुटलेल्या, पैलतीरावर जाण्यासाठी होडीचा आश्रय घ्यावा लागणाऱ्या गावांत तो तसाच लादला तर त्याचा फटका गरजूंनाच बसेल. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान होडी उलटून सहा जण बुडाले. या भागात ‘जवळचे रुग्णालय’ या शब्दांचा अर्थ काय होतो, हे त्यावरून समजावे. औषधाच्या अतिवापराने जशी माणसे मरतात तशी औषध न मिळाल्यानेही मरतात.

म्हणून साठ्याची वाटणी करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन वर्ग केले : सहज मिळावीत अशी, लक्ष ठेवून द्यावीत अशी, आणि राखीव. पेनिसिलिन पहिल्या वर्गात मोडते. ते राखायचे नाही, पोहोचवायचे आहे. संधिज्वर झालेल्या प्रत्येक मुलाची प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद व्हावी, आशा कार्यकर्तीने तिचा पाठपुरावा करावा, आणि टोळीबरोबर जाणाऱ्या मुलाच्या हाती असे कार्ड असावे की, कोणत्याही तालुक्यातील केंद्रात त्याला एकविसाव्या दिवशी इंजेक्शन मिळेल. मुकादम उचलीचा हिशेब सहा महिने चोख ठेवू शकतो. शासनाला इंजेक्शनचा हिशेब ठेवता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही. आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर लाखाच्या घरातील खर्च उचलते. तो खर्च टाळणाऱ्या इंजेक्शनाच्या नियमिततेसाठी मात्र तितक्या अगत्याने व्यवस्था उभी राहत नाही. बांधबंदिस्तीला पैसा नाही आणि धरणाला आहे, अशातला हा प्रकार झाला.

राखीव औषधांच्या बाबतीत उलट, कडकपणा हवा. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार अशा औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराने ठेवायची आणि ती तीन वर्षे जपायची आहे. नियम कागदावर पुरेसा आहे. वही उघडून पाहणारा हवा. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयापासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत, तापाच्या गंभीर रुग्णाचे रक्त औषधापूर्वी तपासणीस घेण्याची शिस्त आणि सोय हवी. आणि उजनीच्या पाण्याची तपासणी करताना औषधप्रतिरोधी जंतूंचाही समावेश व्हायला हवा, त्याचा खर्च मात्र पाणी घाण करणाऱ्या शहरांनी सोसायला हवा.

सामाईक मालमत्ता उजाड होणे अटळ नसते, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नियम वापरणाऱ्यांना मान्य असले, त्यांवर देखरेख असली आणि तोट्यात जाणाऱ्यालाही बोलण्याचा हक्क असला, तर गायराने टिकतात, असे त्यांचे निरीक्षण होते. औषधांच्या बाबतीत तोट्यात जाणाऱ्यांना हा हक्क अद्याप मिळालेला नाही.

उजनीकाठच्या गावांनी धरणासाठी जमिनी दिल्या, जुनी गावठाणे पाण्याखाली जाताना पाहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि काय गेले त्याची आठवण देते. औषधांचा साठा तळाला गेल्यावर असे काही वर येणार नाही. तेव्हा दिसतील ती केवळ साध्या तापाने, साध्या शस्त्रक्रियेने दगावलेली माणसे. वरच्या अंगाचा उपसा आवरणे आणि खालच्या अंगाला पेनिसिलिनचे साधे इंजेक्शन वेळेवर पोहोचवणे, ही दोन कामे एकाच वेळी हाती घेतली तरच उरलेला साठा पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल.